बेल्ट-पाकिटांना टिकाऊ फिनिश हवं पण रेक्झिनसारखी चमक नको, मग लावायचं काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही घरी वेज टॅन (झाडाच्या साली वगैरेंनी कमावलेल्या) लेदरचे बेल्ट, पाकिटं आणि बॅगेचे पट्टे बनवता, गडद ब्राऊन आणि नेव्ही ब्लू स्पिरिट डाय मारता आणि वर बाटलीतल्या अ‍ॅक्रिलिक टॉपकोटचे तीन हात देता. एवढं करूनही पावसात एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाला निळा रंग लागला, दोन बेल्ट बकलच्या घडीपाशी तडकले आणि सगळा माल प्लास्टिकसारखा चमकतोय. तर टिकाऊ पण कमी चमकणारं काय लावू, आणि हार्डवेअरच्या दुकानातलं फर्निचरचं मॅट पीयू (पॉलियुरेथेन) चालेल का, असं विचारलंय.

फर्निचरचं आधी निकालात काढू. नाही चालणार. टेबल वाकत नाही, बेल्ट रोज वाकतो. लाकडाचं पीयू आणि मेलामाइन कडक व्हावं म्हणूनच बनवलेलं असतं, त्यामुळे लेदरवर महिनाभर सुंदर दिसतं आणि मग घडीवर बारीक जाळी पडते. शिवाय दोन डब्यांचं जे पीयू येतं त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते घरातल्या खोलीत स्प्रे करणं फुप्फुसांच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचंही तेच, कालांतराने पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. कोणीतरी चपड्याचं पॉलिशही सुचवेल, ते पाण्याने पांढरं होतं आणि वाकवलं की तडकतं, म्हणजे पाऊस आणि बेल्ट दोन्हीला नालायक.

आता मुद्दा. तुमच्या तीन तक्रारी खरं तर एकच तक्रार आहे. रंग सुटतोय म्हणून तुम्ही टॉपकोट वाढवलात, टॉपकोट वाढला म्हणून चमक आली, आणि थर जाड झाला म्हणून घडीवर तडकला. त्यामुळे बाटली बदलून फार फरक पडणार नाही, सुरुवात डायपासून करावी लागेल.

स्पिरिट डायमध्ये स्पिरिट उडून जातं आणि रंग मागे राहतो. लेदरचे तंतू जेवढा धरू शकतात तेवढा धरतात, उरलेला वर कोरड्या भुकटीसारखा बसून राहतो. नेव्ही ब्लू आणि काळा यात सगळ्यात वाईट कारण आपण तो गडद यावा म्हणून हातावर हात मारत जातो. खूण सांगतो, नेव्ही ब्लूचा पट्टा खिडकीपाशी तिरका धरून बघा, वर तांबूस-जांभळट झाक दिसली तर तो जास्तीचा रंग आहे, लेदरची चमक नव्हे. त्या भुकटीवर अ‍ॅक्रिलिक मारलंत की फिल्म, म्हणजे वर सुकून बसणारा पातळ थर, लेदरला न चिकटता भुकटीला चिकटते, आणि पुढे घासली गेली की रंगासकट निघते. कितीही महागडं टॉपकोट आणा, हेच होणार.

म्हणून डाय मारल्यावर रात्रभर सुकू द्या आणि दुसऱ्या दिवशी जुन्या सुती बनियनच्या कापडाने घासा. घासा म्हणजे खरंच घासा, कापडाची बाजू बदलत बदलत, कापडावर रंग येणं जवळजवळ थांबेपर्यंत. हे कंटाळवाणं काम आहे आणि नव्वद टक्के लोक इथेच आळस करतात, मला विचाराल तर पूर्ण फिनिशिंगमधली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. मग नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) अगदी पातळ हात, बोळा जवळपास कोरडा वाटेल इतकाच. डायने लेदर कोरडं पडलेलं असतं ते सावरतं आणि शेड एकसारखी होते. परत एक दिवस थांबा, परत घासा, तेलाने आतला थोडा रंग वर येतो तोही निघून जाईल. शक्य असेल तर साधा स्पिरिट डाय सोडून ऑइल डायवर या, फीबिंग्जचा प्रो डाय वगैरे, रंग जास्त सारखा बसतो आणि भुकटी कमी राहते. महाग पडतो पण घासण्याची मेहनत वाचते.

आणखी एक गोष्ट जी कोणी बघत नाही. शर्टाला रंग बहुतेक वेळा पुढच्या बाजूने लागतच नाही, कडेने आणि मागच्या बाजूने लागतो. तुम्ही पट्टा डायमध्ये बुडवता किंवा मागूनही रंगवता, टॉपकोट मात्र फक्त ग्रेन साइडला, म्हणजे पुढच्या गुळगुळीत बाजूला मारता. बेल्टची पाठ दिवसभर शर्टाला आणि पँटच्या लुप्सना घासत असते, त्यात घाम. माझा सल्ला असा की गडद रंगाच्या बेल्टची पाठ रंगवूच नका, नॅचरल ठेवा आणि टोकोनोल (लेदरची पाठ आणि कडा घोटायची पेस्ट) लावून काचेने किंवा लाकडाच्या स्लिकरने घोटून गुळगुळीत करा. गिऱ्हाइकाला मागून एकसारखा रंगच हवा असेल तर मागे पातळ नॅचरल लेदरचं अस्तर लावा. घड्याळाच्या पट्ट्याला तर हे हवंच, मनगटाच्या घामापुढे कुठलंही फिनिश फार दिवस टिकत नाही. कडांना डाय, मग टोकोनोल, मग मेण, आणि कापडाने गरम होईपर्यंत घोटणं. कड नीट बसली की निम्मा प्रश्न सुटतो.

आता चमकेकडे येऊ. फिल्म जितकी सपाट आणि जाड तितकी जास्त चमकणार, इतकं साधं आहे. लेदरला स्वतःची बारीक छिद्रं आणि सुरकुत्या असतात, त्यामुळे उजेड विखुरतो आणि ते मंद दिसतं. तीन हातांनी ती छिद्रं भरून टाकलीत की वर सपाट काच तयार होते. तुमच्याकडे आत्ता जे आहे, रेझोलीन असेल असं वर्णनावरून वाटतंय, ते टाकून देऊ नका. त्यात तितकंच पाणी घाला, निम्मं-निम्मं. स्पंज ओला करून पिळून घ्या, त्यावर थोडंसं घ्या आणि गोल गोल फिरवत पातळ हात द्या, ब्रशने नको, ब्रशचे ओरखडे राहतात आणि फेस होतो. अर्धवट सुकत आलं की स्वच्छ कापडाने हलकेच पुसून घ्या, वर साचलेलं निघून जाईल. पूर्ण सुकल्यावर असाच अजून एक हात, आणि बस्स. तिसरा नाही. ठप्पे मारलेले किंवा कार्व्हिंग असेल तर खाचांमध्ये साचू देऊ नका, तिथे पांढुरकं दिसतं आणि मग काढता येत नाही.

यापेक्षा मंद हवं असेल तर पर्याय आहेत, पण वस्तूप्रमाणे. सगळ्यांना एकच बाटली लावायचा हट्ट सोडा.

पाकिटाला मी फिल्म मारतच नाही. पाकीट हातात असतं, खिशात असतं, हाताच्या तेलाने आणि घासण्याने ते आपोआप मुरत जातं, वर प्लास्टिक असेल तर ते मुरणंच बंद होतं आणि कोपऱ्यांवर सोलपटं निघतात. तिथे मेण-तेलाचा बाम पुरेसा आहे. घरी करायचा तर वजनाने एक भाग मधमाशीचं मेण आणि दोन ते तीन भाग तेल, डबल बॉयलरवर वितळवायचं, थेट आचेवर नाही, आणि टर्पेंटाइन घालणार असाल तर गॅस बंद करून, भांडं लांब नेऊनच घालायचं. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 65 अंशांना वितळतं, कार्नोबा (एका ताडाच्या पानांवरचं कडक मेण) 82 च्या पुढे. कार्नोबा थोडं घातलं तर बाम कडक होतो आणि उन्हाळ्यात चिकटत नाही, पण कार्नोबा घासलं की चमकतं, बुटांच्या पॉलिशमध्ये ते त्यासाठीच घालतात. तुम्हाला चमक नकोय म्हणून अगदी चिमूटभर, आणि शेवटी ब्रशने चोळत बसू नका, मऊ कापडाने जास्तीचं पुसा आणि सोडून द्या. खोबरेल वापरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ते 24 अंशांच्या आसपास गोठतं, थंडीत पृष्ठभागावर पांढुरकं दिसू शकतं, आणि लेदरमध्ये ते सुकत नाही, नुसतं राहतं.

बेल्ट आणि बॅगेचा पट्टा मात्र कपड्यांना घासणारच, तिथे नुसतं मेण कमी पडतं. तिथे रेझिनवालं फिनिश बघा, फीबिंग्जचं टॅन-कोट किंवा त्याच कंपनीचं बॅग कोट. टॅन-कोटची चमक रेझोलीनपेक्षा बरीच मऊ आहे, बॅग कोटची अजून कमी, आणि हाताला लेदर लेदरच लागतं. तोटा हा की पाण्याला ते अ‍ॅक्रिलिकइतकं तोंड देत नाही. म्हणून वर मेणाच्या बामचा एक पुसट हात द्यायचा. हे दोघं मिळून मुंबई-पुण्याच्या रोजच्या वापराला पुरतं. कोकणात किंवा महाबळेश्वरला जाणारी बॅग असेल, म्हणजे खरंच धो धो पावसात भिजणार असेल, तर मग पाण्यातलं मॅट किंवा सॅटिन अ‍ॅक्रिलिक किंवा पीयू घ्या, लेदरसाठी बनवलेलं, आणि तेही पातळच मारा.

मॅटच्या बाटलीबद्दल थोडं सविस्तर, कारण तिच्याकडून लोकांच्या फार अपेक्षा असतात. मॅट फिनिश म्हणजे तेच अ‍ॅक्रिलिक किंवा पीयू, त्यात बहुतेक वेळा बारीक सिलिका घातलेली असते जी पृष्ठभाग खडबडीत करून उजेड विखुरते. ती तळाशी बसते. बाटली न हलवता वरचं वापरलंत तर चमकदार निघेल आणि शेवटची पाव बाटली पांढरट निघेल, मग लोक म्हणतात माल डुप्लिकेट आहे. जोरात हलवलीत तर फेस होतो, म्हणून बाटली आडवी धरून दोन-तीन मिनिटं तळहातांमध्ये घोळवा. काळ्या आणि नेव्हीवर मॅटचे जास्त हात दिले तर रंग राखाडी, धुरकट दिसतो, कारण सिलिकाच उजेड पसरवतेय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅट जिथे घासलं जातं तिथे कायम मॅट राहत नाही. वरचा खडबडीतपणा घासून सपाट होतो आणि बेल्टवर लुप्सच्या जागी, पट्ट्यावर खांद्याच्या जागी चमकदार डाग पडतात, बाकीचा मंद आणि मधेच चकचकीत, ते मूळ चमकेपेक्षा वाईट दिसतं. म्हणून घासणाऱ्या वस्तूंना मी पूर्ण मॅट सुचवत नाही, सॅटिन सुचवतो. नवीन असताना किंचित चमक दिसेल पण वर्षभराने एकसारखं राहील.

आयात बाटल्या महाग, एवढीशी 118 मिलीची बाटली आणि किंमत बघून घाम फुटतो, हे मान्य. महिन्याला बऱ्यापैकी माल काढत असाल तर धारावीत लेदरच्या दुकानांच्या आसपास लेदर केमिकलवाले आहेत त्यांच्याकडे चौकशी करा. नुसतं मॅट टॉप मागू नका, चार गोष्टी स्पष्ट विचारा: पाण्यातलं आहे का, सॉफ्ट आहे का, क्रॉसलिंकर (थर पक्का करायला वेगळं मिसळायचं रसायन) न घालता चालतं का, आणि वेज टॅनवर वापरलंय का. सॉफ्ट का, तर अ‍ॅक्रिलिकमध्ये मऊ आणि कडक असे प्रकार असतात, फार मऊ घेतलं तर नागपूरच्या मे महिन्यात गाडीत ठेवलेली बॅग चिकट होते, फार कडक घेतलं तर थंडीत तडकतं. पीयू या बाबतीत जास्त सहनशील आहे, म्हणून दोन्ही मिळत असतील तर थोडे जास्त पैसे टाकून पीयू घ्या. क्रॉसलिंकरवालं टिकतं जबरदस्त पण मिसळल्यावर काही तासांतच वापरावं लागतं आणि हातमोजे, मास्क, मोकळी हवा सगळं पाळावं लागतं, घरगुती कामाला ती कटकट नको.

क्रम कधी उलटा करू नका. डाय, घासणं, पातळ तेल, परत घासणं, मग फिल्म, मग मेण. आधी मेण लावून वर अ‍ॅक्रिलिक मारलं तर ते चिकटतच नाही, नखाने पापुद्रा निघतो. तेल जास्त झालं तरी तेच. आणि तुमचा डाय पाण्यातला असेल तर पाण्यातलं फिनिश स्पंजने चोळल्यावर रंग उचलला जातो, तेव्हा पहिला हात चोळायचा नाही, हलका टिपत लावायचा किंवा स्प्रे करायचा. पुल-अप आणि क्रेझी हॉर्स म्हणून जे लेदर मिळतं त्याला यातलं काहीही लावू नका, त्यात टॅनरीतूनच तेल-मेण भरलेलं येतं, त्याचं सौंदर्यच ते आहे, फार तर अधूनमधून बाम.

इथे कोणीतरी हमखास म्हणणार की कोल्हापुरीला कुठे असतो टॉपकोट, ती नाही का वर्षानुवर्षं टिकत. बरोबर आहे. पण पारंपरिक कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं असतं आणि जी नॅचरल रंगाची चप्पल असते तिचा तो तपकिरी रंग कमावण्यातूनच आलेला असतो, वरून भुकटी बसलेली नसते. सुटायला काही नाही, मग कोंडायला फिल्म कशाला हवी? तेल पाजायचं आणि वापरायची. कधी कधी मी गिऱ्हाइकांना हेच सांगतो की तुम्हाला खरंच मंद आणि टिकाऊ हवं असेल तर नॅचरल किंवा टॅन रंगात घ्या, वापराने ते जे गडद होतं तसा रंग बाटलीतून येत नाही. नेव्ही ब्लूच हवा म्हणणाऱ्याला थोडी फिल्म सहन करावी लागणार.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. पाण्यातल्या फिनिशला सुकायला पाणी उडावं लागतं आणि जुलैत हवेतच एवढं पाणी असतं की ते उडत नाही. हाताला कोरडं लागतं पण आतून कच्चं असतं. दोन हातांमध्ये रात्रभर अंतर ठेवा, पंखा चालेल, ऊन नको, आणि माल एकावर एक रचू नका, आठवडाभर तरी टांगून ठेवा. कच्च्या फिल्मचे बेल्ट गुंडाळून डब्यात घातलेत तर एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फिनिश निघून येतं. बकल आणि रिव्हेट लोखंडाचे नकोत, पितळ किंवा स्टेनलेस घ्या. वेज टॅनमधलं टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आलं की काळेनिळे डाग पडतात, गिऱ्हाइकाला वाटतं तुमचाच रंग खराब.

पावसाळ्यात पांढरं काही दिसलं की लगेच बुरशी म्हणून घाबरू नका. हेअर ड्रायरची गरम हवा लांबून मारा, पांढरं विरघळून गायब झालं तर ते मेण किंवा तेलातली चरबी वर आलेली आहे, कापडाने पुसून टाका. गरम करूनही राहिलं, केसाळ दिसलं आणि वास आला तर बुरशी. ती बाहेर उन्हात नेऊन कोरड्या कापडाने झटका, मग थोड्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, आधी कोपऱ्यावर बघून, कारण स्पिरिटने डाय आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही उचललं जातं. तेल जितकं जास्त पाजाल तितकी बुरशीची सोय जास्त, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर तेल पाजायची सवय बंद करा.

काहीही नवीन वापरण्याआधी त्याच कातड्याच्या तुकड्यावर बघा, दुसऱ्या कातड्याच्या नाही. पोटाचं लेदर आणि पाठीचं लेदरसुद्धा फिनिश वेगळं पितं, आपल्याकडे म्हशीचं बरंच येतं त्याचं ग्रेन मोठं असतं आणि ते जास्त पितं. तुकडा आठवडाभर सुकवा, मग पांढरं सुती कापड बोटाला गुंडाळून वीस वेळा जोरात घासा, कोरडं. मग कापड ओलं करून पिळून परत वीस वेळा. कोरड्यात काहीच नाही आणि ओल्यात अगदी फिकट छटा आली तर चालेल. ओल्यात ठळक रंग आला तर टॉपकोट वाढवू नका, परत घासण्याच्या पायरीवर जा. मोठ्या लॅबमध्येही हीच कल्पना असते, आयएसओ 11640 नावाची घासण्याची चाचणी आहे, फेल्टचा तुकडा यंत्राने पुढे-मागे घासतात आणि 1 ते 5 च्या ग्रे स्केलवर रंग किती सुटला ते मोजतात. घरी पांढरं कापड आणि दिवसाचा उजेड पुरे. शेवटी तुकडा ग्रेन बाहेर ठेवून पूर्ण घडी घाला, जाळी दिसली तर थर जाड आहे.

बकलच्या घडीचं आता. तिथे लेदर पूर्ण जाडीचं ठेवून दुमडता आणि फिनिश आधी मारलेलं असतं, तडकणारच. घडीची जागा मागून रापीने छिलून साधारण निम्म्यावर आणा, किंचित ओली करून दुमडा, तशीच सुकू द्या आणि फिनिश त्यानंतर मारा, म्हणजे फिल्म वाकलेल्या अवस्थेतच बसेल.

आणि जो माल चमकदार होऊन पडलाय तो फेकायची गरज नाही. अ‍ॅक्रिलिक उतरवायला थिनर वापरू नका, डायही उतरेल आणि ठिपके पडतील. भांडी घासायचा हिरवा नको, त्याहून मऊ करड्या रंगाचा नायलॉन पॅड मिळतो, तो कोरडाच, अगदी हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, वरची काच मोडते, मग धूळ पुसून बामचा पातळ हात. स्टील वूल वापरू नका, त्याचे कण लेदरमध्ये अडकून पावसात वर सांगितले तसे काळे डाग देतात. तडकलेले दोन बेल्ट मात्र दुरुस्त होणार नाहीत, बकल आणि रिंग काढून नवीन पट्ट्याला लावा, आणि जुन्या पट्ट्याची चांगली राहिलेली लांबी चाचणीच्या तुकड्यांसाठी कापून ठेवा.